तापून थिजणारे पाणी



थिजणे या शब्दाची आणि थंडीची आपल्या मनात जोडी बसलेली आहे. पौषात खोबरेलाची बाटली थिजते, ती उन्हात ठेवली की पातळ होते. तुपाचेही तेच, मेणाचेही तेच. उष्णतेने पातळ व्हावे आणि थंडीने घट्ट व्हावे हा सृष्टीचा नियमच आहे असे आपण धरून चालतो. परंतु स्वयंपाकघरात जरा डोकावले तर या नियमाला न जुमानणारे पदार्थ पदोपदी भेटतात. डाळीचे पीठ थंड पाण्यात कालवले तर पातळच राहते, आणि विस्तवावर चढले की त्याचे पिठले आळते. अंडे उकडले की घट्ट होते. दुधाला तर विस्तवही नको. कोमट असता विरजण लावले की सकाळी त्याचे दही झालेले असते. दुधातले पाणी कोठे गेले? कोठेच नाही. शंभर भाग दुधात सत्त्याऐंशीच्या आसपास भाग पाणी होते आणि दह्यातही ते तेवढेच आहे. अडीच-तीन भाग केसिन नावाच्या प्रथिनाने त्या सगळ्या पाण्याला उभे धरले आहे, इतकेच.

थोड्याशा घन द्रव्याने पुष्कळशा पाण्याला असे उभे धरणे, याला रसायनशास्त्रात जेल म्हणतात. आज मला एका विशेष जेलाची हकीकत सांगावयाची आहे. काचेच्या एका बाटलीत पाणी आहे, त्यात अतिसूक्ष्म मऊ कण दाट भरलेले आहेत आणि चिमूटभर मीठ आहे. बाटली गार असता आतला ऐवज घट्टसर असतो, तिरपी केली तरी ओघळत नाही. थोडी ऊब द्या, तो पाण्यासारखा वाहू लागतो. आणखी थोडी ऊब द्या, तो दुधासारखा पांढरा होऊन पुन्हा थिजतो. आणि गार केला की हीच वाट उलट चालून पूर्वस्थितीवर येतो. बाटलीत काही घातलेले नाही, काही काढलेले नाही. घन, द्रव आणि पुन्हा घन, हा सारा खेळ दहा-पंधरा अंशांच्या आत होतो. पहिला घट्टपणा आणि दुसरा घट्टपणा एकाच जातीचे आहेत काय? या प्रश्नाचे उत्तर मिळावयास रसायनशास्त्राला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तेवढ्या काळात त्याला आपली काही आवडती मते टाकून द्यावी लागली.

या विषयाचा आद्यपुरुष टॉमस ग्रॅहॅम. जन्म 1805 साली ग्लासगोस. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही वडिलांची इच्छा. मुलाने रसायनशास्त्र धरले आणि घरात वितुष्ट आले. पुढे हा लंडनला प्राध्यापक झाला आणि 1855 साली इंग्लंडच्या टांकसाळीचा प्रमुख. न्यूटन ज्या खुर्चीवर बसला होता तीच ही खुर्ची. नाणी पाडण्याच्या कारभारातून सवड काढून ग्रॅहॅम जे प्रयोग करी ते दिसावयास अगदी साधे होते. निरनिराळे पदार्थ पाण्यात विरघळवावयाचे आणि ते पाण्यातून किती वेगाने पसरतात ते मोजावयाचे. मीठ, साखर ही मंडळी भराभर पसरत. सरस, डिंक, अंड्याचा पांढरा भाग ही मंडळी जागची हलता हलत नसत. मध्ये चर्मपत्राचा पडदा धरला तर मीठ पलीकडे जाई आणि डिंक अलीकडेच राही. 1861 साली ग्रॅहॅमने आपला निबंध प्रसिद्ध केला आणि सृष्टीतील पदार्थांचे दोन वर्ग पाडले. भराभर पसरणारे आणि स्फटिक होणारे ते स्फटिकाभ. मंद, चिकट, स्फटिक न होणारे ते कलॉइड. सरसाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून हे नाव त्याने घडविले. आपण त्यांना कलिल म्हणतो. पडद्यातून गाळण्याच्या या युक्तीला त्याने डायालिसिस हे नाव दिले. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्याचे रक्त आज रुग्णालयात ज्या क्रियेने शुद्ध करतात तिचे नाव तेच आहे आणि तत्त्वही तेच आहे.

वाहते कलिल ते सॉल आणि थिजलेले ते जेल, ही नावेही ग्रॅहॅमचीच. आणखी एक बारीक गोष्ट त्याच्या दृष्टीतून सुटली नाही. जेल नुसते ठेवून दिले तरी ते सावकाश आक्रसते आणि अंगचे पाणी बाहेर सोडते. दह्याची कवडी मोडली की भोवती पाणी साठते, हे आपल्या घरच्या मंडळींना ग्रॅहॅमच्या किती तरी आधीपासून माहीत आहे. परंतु माहीत असणे निराळे आणि त्याचा अर्थ लावणे निराळे. ग्रॅहॅमने त्यातून असे अनुमान काढले की कलिल हा पदार्थ कधीच स्वस्थ नसतो, त्याच्या पोटात सतत काहीतरी चाललेले असते. हे अनुमान पुढे फार खरे ठरले. त्याने पाडलेले दोन वर्ग मात्र टिकले नाहीत.

टिकले नाहीत असे म्हणण्याचे कारण ग्रॅहॅमच्या निबंधाच्या आधीच, 1857 साली, लंडनमध्येच घडून गेले होते. मायकेल फॅरडेने सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवून माणकासारखे लाल पाणी केले होते. सोने ही स्फटिक होणारी धातू, तरी येथे ती कलिल होऊन बसली! या लाल पाण्यात मीठ टाकले की ते निळे होई आणि थोड्या वेळाने सोने तळाशी बसे. पण आधी त्यात जिलेटिनाचा अंश घातला तर मीठ टाकूनही लाल रंग टिके. या दोन निरीक्षणांकडे श्रोत्यांनी ध्यान द्यावे, कारण आपल्या बाटलीत चिमूटभर मीठ कशाला लागते, ते येथेच दडलेले आहे.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात फॉन वायमार्न आणि जर्मनीत वोल्फगांग ओस्टवाल्ड यांनी हे ठासून मांडले की कलिल ही पदार्थाची जात नव्हे, ती पदार्थाची अवस्था आहे. कोणताही पदार्थ पुरेसा बारीक करून दुसऱ्यात पसरला की तो कलिल होतो. ओस्टवाल्ड 1913-14 च्या हिवाळ्यात अमेरिकेत गावोगाव हाच विषय घेऊन व्याख्याने देत फिरला, आणि त्या व्याख्यानांच्या पुस्तकाला त्याने जे नाव दिले त्याचा अर्थ ‘उपेक्षित परिमाणांचे जग’ असा होतो. रेणूंपेक्षा मोठे आणि डोळ्यांना दिसणाऱ्या धुळीपेक्षा लहान, असे हे मधले जग. ज्या पुस्तकाचा जन्म व्याख्यानमालेत झाला त्याचा उल्लेख या व्यासपीठावरून करताना मला विशेष आनंद होतो.

आता मीठ. मिठाने सोने खाली का बसावे? 1882 साली शुल्झ आणि 1900 च्या सुमारास इंग्लंडात विल्यम हार्डी यांनी दाखवून दिले की तरंगत्या कणांच्या अंगावर विद्युत् भार असतो. सर्वांवर एकाच जातीचा भार, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. पाण्यात मीठ टाकले की मिठाचे विरुद्ध भाराचे आयन कणाभोवती गोळा होतात, भार झाकला जातो, कण जवळ येतात आणि चिकटतात. आपल्या कोकणच्या नद्या पावसाळ्यात जो गढूळ लोट आणतात, त्यातला बारीक गाळ खाडीत खारे पाणी लागताच पुंजके होऊन बसू लागतो, त्याच्या मागेही हे एक कारण आहे. दूर लोटणारा भार आणि जवळ ओढणारे रेणूंचे परस्पराकर्षण, या दोहोंचा हिशेब गणिताने पुरा मांडला तो मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. रशियात डेरयागिन आणि लांडाऊ यांनी 1941 साली, आणि हॉलंडमध्ये फेरवे आणि ओव्हरबेक यांनी स्वतंत्रपणे. या दोघांचे पुस्तक 1948 साली निघाले. युद्धामुळे एकाचे काम दुसऱ्यास कळण्याची सोयच नव्हती.

म्हणजे कण चिकटतात का, याचे उत्तर मिळाले. पण उष्णतेने का चिकटावेत? येथे थोडे मागे वळून एका गृहिणीची आठवण केली पाहिजे, कारण जेल आणि तापमान यांचा संबंध जीवनमरणाचा होऊ शकतो हे पहिल्याने तिच्या घरी उमगले. 1881 च्या सुमारास बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख जंतू वाढविण्यासाठी जिलेटिनाचा थर वापरीत असे. जिलेटिन माणसाच्या शरीराच्या तापमानाच्या आतच वितळते. आणि रोगजंतू तर त्याच उबेत वाढावयाचे! उबेत ठेवले की थर वितळून जाई आणि वेगवेगळे वाढू घातलेले जंतू एकमेकांत मिसळून सारी मेहनत वाया जाई. कॉखकडे वॉल्टर हेस नावाचा एक डॉक्टर काम करीत होता. त्याच्या पत्नीने, फॅनी हेस हिने सुचविले की आपण मुरंब्यात आणि जेलीत घालतो ते अगर-अगर वापरून पाहा. जाव्यात राहून आलेल्या ओळखीच्या मंडळींकडून ती ही युक्ती शिकली होती. अगर म्हणजे आपल्या बाजारातले चायना ग्रास, समुद्रशैवालापासून होते. ते उकळत्या पाण्याच्या जवळपास वितळते आणि चाळीस अंशांच्या खाली उतरल्यावर थिजते. एकदा थिजले की शरीराच्या उबेला दाद देत नाही. जगातल्या प्रयोगशाळांतून आजही जंतू याच थरावर वाढवितात. क्षयाच्या जंतूवरील 1882 च्या निबंधात कॉखने अगरचा ओझरता उल्लेख केला. हेसबाईंचे नाव त्यात नाही.

शरीराच्या उबेत टिकणारे जेल हेसबाईंना हवे होते. पुढे शंभर वर्षांनी वैद्यांना याच्या उलट वस्तू हवीशी वाटू लागली: बाहेर पातळ, म्हणजे सुईतून जाईल, आणि शरीरात शिरल्यावर त्याच उबेने थिजेल अशी. सरस, अगर, जिलेटिन यांच्यापाशी हा गुण नाही. तो गुण असणारा पदार्थ अगदीच अनपेक्षित वाटेने आला.

त्या वाटेवर आधी एक मोठे भांडण झाले. रबर, सेल्युलोज, सरस यांसारखे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे नुसते घोळके, ही कलिलशास्त्रज्ञांची आवडती समजूत होती. हेर्मान श्टाउडिंगर याने 1920 साली म्हटले की नाही, हे प्रचंड लांबीचे अखंड रेणू आहेत, मण्यांच्या माळेसारखे. सहकाऱ्यांनी त्याला वेड्यात काढले. गंमत पाहा, कलिल ही अवस्था आहे हे म्हणणे खरे होते, पण तेच खरे मत या ठिकाणी सत्याच्या आड आले. जिथे तिथे घोळकाच पाहावयाची सवय लागली होती. श्टाउडिंगरला नोबेल पारितोषिक मिळाले 1953 साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. या माळांना आपण बहुवारिके म्हणतो. माळा जागोजाग एकमेकींना बांधल्या की जाळे होते, आणि जाळ्यात पाणी भरले की जेल होते. या जाळ्याचे गणित पॉल फ्लोरी याने 1940 नंतरच्या काही वर्षांत मांडले.

आता तो पदार्थ. त्याचे नाव पॉलि-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलअमाइड. नाव लांबलचक आहे. आपण त्याला निपाम म्हणू, शास्त्रज्ञही बोलताना तसेच काहीसे म्हणतात. ज्या लहान रेणूंपासून ही माळ ओवतात ते रेणू 1950 नंतरच्या दशकात उंदरांना पिटाळून लावण्यासाठी उपयोगी पडतील म्हणून तपासले गेले होते! उंदरांचे काय झाले ते राहो. 1968 साली कॅनडात टोरांटो येथे हेस्किन्स आणि गिले यांनी या माळेच्या द्रावणाचा नीट अभ्यास प्रसिद्ध केला. गार पाण्यात ती स्वच्छ विरघळते. तापमान 32 अंश सेंटिग्रेडच्या आसपास गेले की द्रावण एकाएकी पांढरेफटक होते आणि माळा पाण्याबाहेर पडतात. गार केले की पुन्हा स्वच्छ. वैशाखातल्या संध्याकाळी मंडपात बसलेल्या आपल्यासारख्यांना 32 अंश म्हणजे काय ते सांगावयास नको.

असे का होते? माळेच्या प्रत्येक मण्याला दोन स्वभाव आहेत. त्याचा एक भाग पाण्याशी स्नेह ठेवतो. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी त्याला धरून ठेवतात. दुसरा भाग तेलकट आहे, त्याला पाण्याचे वावडे. गारव्यात पाण्याचे रेणू या तेलकट भागाभोवती हातात हात घालून शिस्तीने कडे करून उभे राहतात आणि माळ पाण्यात सुखाने पसरते. ही शिस्त पाण्याला महाग पडते. उष्णता वाढली की रेणूंना स्वैर हिंडण्याची ओढ अधिक होते, आणि एका ठराविक तापमानाला कडे मोडून मोकळे होणे पाण्याला परवडते. मग उघडे पडलेले तेलकट भाग एकमेकांना बिलगतात आणि माळेचा गोळा होतो. म्हणजे येथे माळ आक्रसते ती पाण्याच्या मोकळे होण्याच्या हट्टामुळे. प्रथिनांची घडी कशी बसते याचा विचार करताना वॉल्टर काउझमान याने 1959 साली पाण्याच्या याच वागणुकीवर बोट ठेवले होते.

याच 1968 साली डुशेक आणि पॅटरसन यांनी कागदावर एक भाकीत केले होते: अशा माळांचे जाळे योग्य परिस्थितीत हळूहळू न आक्रसता एकदम कोसळावे, वाफेचे पाणी होते तसे. दहा वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. अमेरिकेतल्या एम्.आय्.टी. या संस्थेत तोयोइची तानाका नावाचा एक तरुण जपानी शास्त्रज्ञ अॅक्रिलअमाइडच्या जेलाचे तुकडे अॅसिटोन आणि पाण्याच्या मिश्रणात बुडवून ठेवीत असे. अॅसिटोनचे प्रमाण वाढवीत नेता काही तुकडे एका ठराविक प्रमाणाला एकदम आक्रसले. आकारमानातला फरक किरकोळ नव्हे, शेकडोपट होता. 1978 साली त्याने हे प्रसिद्ध केले. खरी मौज पुढे आहे. नवे ताजे जेल करून पाहावे तर ते एकदम आक्रसेना. सावकाश, बेताबेताने लहान होई. कित्येक दिवस मुरलेले जेल मात्र धाडकन् कोसळे. लोणचे मुरावे तसे जेल मुरत होते, पण मुरताना त्यात काय होत होते? तानाकाने छडा लावला. जेल ज्या द्रावणात पडून होते त्यात त्याचे काही मणी हळूहळू बदलून आम्लाचे होत होते, त्यांवर विद्युत् भार येत होता, आणि जाळ्यातला हा भार त्या आकस्मिक कोसळण्यास कारण होता. 1980 साली हा खुलासा छापून आला. जुन्या आणि ताज्या तुकड्यांतला फरक हयगयीने झाला म्हणून सोडून दिला असता तर एका मोठ्या शोधाचा अर्धा भाग हातचा गेला असता. 1984 साली हिरोकावा आणि तानाका यांनी निपामचे जेल केले आणि अॅसिटोनवाचून, केवळ तापमान बदलून तोच आकस्मिक बदल दाखविला. तानाका 2000 साली वारला, तेव्हा त्याचे वय अवघे चौपन्न होते.

तानाकाच्या कामात मला सर्वांत उपयोगाचा वाटतो तो त्याचा आणि फिलमोरचा 1979 सालचा एक साधा नियम. जेलाच्या तुकड्याला फुगावयास किंवा आक्रसावयास लागणारा वेळ त्याच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. समजा एक सेंटिमीटरच्या तुकड्याला दहा दिवस लागतात. त्याच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढा कण घेतला तर वेळ दहा कोटीपट कमी, म्हणजे सेकंदाच्या शतांशाहूनही कमी लागेल. मोठे जेल हे आळशी आहे. त्याचे अतिसूक्ष्म कण केले तर ते चपळ होईल.

असे कण 1986 साली कॅनडात पेल्टन आणि शिबांते यांनी केले. कृती सुंदर आहे. पाणी सत्तर अंशांच्या आसपास तापवावयाचे आणि त्यात माळा ओवावयाच्या. इतक्या उष्णतेत माळ तयार होता होताच आक्रसून गोळी होते, शेजारच्या माळा तिला येऊन बिलगतात, आणि बांधणी करणारा दुसरा रेणू त्यांना आतल्या आत गाठी मारतो. सगळ्या गोळ्या जवळजवळ एकाच आकाराच्या होतात. गार केल्यावर प्रत्येक गोळी पाणी पिऊन फुगते. फुगलेला कण मिलिमीटरच्या दोन-तीन हजाराव्या भागाएवढा, आणि त्यातही बहुतेक सारे पाणीच. म्हणून गार निलंबन जवळजवळ पारदर्शक दिसते. 32 अंशांपलीकडे कणाचा व्यास निम्म्याच्या आसपास येतो, म्हणजे आकारमान आठव्या हिश्शावर.

आता आपली बाटली हाती घेऊ. गार असता कण फुगलेले आहेत आणि त्यांनी सगळी जागा अडविली आहे. सकाळच्या लोकलच्या डब्यात माणसे जशी उभी असतात तशी त्यांची स्थिती. कोणी कोणाला धरलेले नाही, उलट प्रत्येकाला दुसऱ्यापासून दूर व्हावयाचे आहे. पण हलावयास जागा नाही म्हणून सारा डबा घट्ट. हा गर्दीचा घट्टपणा. ऊब दिली की कण लहान होतात, जागा मोकळी होते, आणि दादर स्टेशन आल्यासारखे सारे सुटे होऊन वाहू लागते. हा टप्पा इतका नाजुकपणे हाताळता येतो की अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठात योध आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा कणांच्या स्फटिकासारख्या रचनेला किंचित ऊब देऊन तो स्फटिक वितळताना सूक्ष्मदर्शकाखाली कण कण पाहिला. वितळण्याची सुरुवात स्फटिकातल्या भेगांपासून आणि सांध्यांपासून होते, हे 2005 साली त्यांनी दाखविले. लोखंडात किंवा बर्फात ही गोष्ट अशी डोळ्यांनी कोण पाहणार?

आणखी ऊब दिली की दुसरा अंक सुरू होतो. आक्रसलेल्या कणाच्या अंगावर तेलकट भाग आले आहेत, कणांना आता एकमेकांची ओढ आहे. तरी मीठ नसेल तर ते चिकटत नाहीत. घडणीच्या वेळी अंगावर राहिलेला विद्युत् भार त्यांना दूर ठेवतो आणि बाटलीत नुसते दुधासारखे द्रव राहते. गार असता फुगलेल्या कणांच्या झिपऱ्या माळा त्यांना अलग ठेवीत होत्या, जसे फॅरडेच्या सोन्याला जिलेटिन ठेवीत होते. त्या माळा आता मिटल्या. त्यात मिठाने भार झाकला की कण कणाला चिकटू लागतो. कण फार विरळ असतील तर पुंजके होऊन तळाशी बसतात. पुरेसे असतील तर पुंजक्याला पुंजका लागून बाटलीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत साखळी पुरी होते, आणि पाणी जागच्या जागी उभे राहते. येथे गर्दी मुळीच नाही. कण तर लहान झाले आहेत, मध्ये मोकळी जागाच जागा आहे. हा साखळीचा घट्टपणा. मैदानभर माणसांनी हात धरून जाळे करावे आणि त्यातून कोणास जाता येऊ नये, तसा.

ही साखळी कशी वाढते याचा पहिला चांगला नकाशा पुन्हा सोन्यानेच दिला. 1984 साली वाइट्झ आणि ऑलिव्हेरिया यांनी सोन्याच्या कणांचे पुंजके मोजून दाखविले की ते भरीव नसतात. झाडाच्या डहाळ्यांसारखे पसरट, पोकळ असतात. म्हणूनच थोडक्या द्रव्यात एवढे पाणी अडते. पण साखळी अर्ध्यावर थांबते का? सगळे कण अखेर एकत्र येऊन तळाशी का जात नाहीत? 2008 साली पीटर लू, वाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका जातीच्या कणांवर प्रयोग करून याचे उत्तर दिले. ओढ लागली की निलंबनाला दाट आणि विरळ अशा दोन भागांत विभागून जावयाचे असते, तेल आणि पाणी वेगळे व्हावे तसे. पण दाट भागात कण एकमेकांत असे अडकून बसतात की पुढची हालचाल खुंटते. भाऊबंदांच्या वाटणीचा दावा कोर्टात मध्येच अडकावा आणि वाडा ना याचा ना त्याचा असा उभा राहावा, त्यातला हा प्रकार. जेल म्हणजे पुरी न झालेली वाटणी.

या शास्त्रात आपल्याकडेही काम झाले आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 साली सुरू झाली. तेथे 1990 नंतरच्या दशकात डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले आणि त्यांचे सहकारी यांनी जेलाच्या या आकस्मिक आक्रसण्यात हायड्रोजन बंधांचा वाटा किती, याचे गणित मांडले.

आणि वैद्यांचे काय झाले? तोक्योत तेरुओ ओकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निपामचा पातळ थर दिलेल्या बशीवर पेशी वाढविल्या. शरीराच्या उबेत थर आक्रसलेला असतो, पेशी त्याला धरून वाढतात. बशी गार केली की थर पाणी पितो आणि पेशींचा अख्खा पापुद्रा न फाटता सुटून येतो. 2004 साली ओसाकाच्या शल्यवैद्यांनी चार रोग्यांच्या तोंडातल्याच पेशी घेऊन असा पापुद्रा वाढविला आणि त्यांच्या डोळ्यांच्या बुबुळांवर बसविला. चौघांचीही बुबुळे पुन्हा स्वच्छ झाली.

सुईतून जाऊन शरीरात थिजणाऱ्या निलंबनाचे काम त्याहून बिकट आहे, आणि बिकटपणाचे मूळ ग्रॅहॅमने पाहिलेल्या गोष्टीतच आहे. साखळीचे जेल स्वस्थ बसत नाही. वरून पाहावे तर तासन् तास काही हलत नाही. आत मात्र कण जागा बदलीत असतात, काही सांधे तुटतात, काही नवे जुळतात, डहाळ्या जाड होत जातात आणि जेल पाणी सोडू लागते. ओढ बेताची असेल तर बराच काळ नीट उभे राहिलेले जेल एखाद्या क्षणी स्वतःच्याच भाराने खचते आणि थोडक्या वेळात तळाला जाते. ते नेमके केव्हा खचेल हे आधी सांगण्याचा प्रयत्न एडिंबरो येथे आणि इतरत्र पुष्कळ वर्षे चालला आहे. तोवर पातळ औषधांच्या कितीतरी बाटल्यांवर ‘घेण्यापूर्वी चांगली हलवावी’ ही चिठ्ठी राहणारच.